वाट सर्वांची, उंबरठा घराचा

सार्वजनिक पाऊलवाटा आणि शेजारच्या घरांचा खासगीपणा

अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट राज्यात, शॅम्प्लेन सरोवराच्या काठी, बर्लिंग्टन हे शहर वसले आहे. तेथील एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून त्या पट्ट्यावर चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी पक्की पाऊलवाट तयार करण्यात आली. वाटेची रुंदी 8 फूट आणि दोन्ही बाजूंस 3 फुटांच्या हिरवळीच्या पट्ट्या. ही वाट एका घराच्या पुढील दारापासून अवघ्या काही फुटांवरून गेली. गर्दीच्या वेळी तासाला 200 पर्यंत माणसे तेथून जात. कोणी पायी, कोणी सायकलवर, कोणी चाकांचे बूट घालून. येणारेजाणारे पुष्कळदा घराच्या पुढील अंगणातही शिरत. एकदा घरमालक स्वतःच्याच दारासमोरची ही वाट ओलांडत असता सायकलस्वाराची धडक बसता बसता वाचले, अशी नोंद न्यायालयाच्या निकालपत्रात आहे.

ही पाऊलवाट करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वृद्धांना निर्धास्तपणे चालता यावे, मुलांना मोटारींची भीती न बाळगता सायकल चालवता यावी, सरोवराची हवा सर्वांना मिळावी, हे उद्देश कोणासही पटण्याजोगे आहेत. त्याचबरोबर, दार उघडताच अनोळखी माणसांची रीघ दिसू नये, जेवणाच्या टेबलावर कोणाची नजर पडू नये, ही घरातील माणसांची अपेक्षाही तितकीच रास्त आहे. दोहोंपैकी एकाची बाजू घेणे सोपे असते. दोहोंचा हिशेब जुळविणे कठीण. तो हिशेब निरनिराळ्या देशांनी कसा मांडला, हे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. वाटेचा लाभ सर्वांना मिळतो आणि खासगीपणाची किंमत मात्र वाटेलगतची मोजकी घरे मोजतात. ही किंमत कोणी सोसायची, हे वाट आखतानाच ठरले पाहिजे.

रुळांच्या जागी पाऊलवाट

सन 1920 मध्ये अमेरिकेतील रेल्वेमार्गांची लांबी 2,72,000 मैलांवर पोहोचली होती. पुढे मोटारी आणि मालट्रक आले, रेल्वेचा धंदा घटला आणि 1990 पर्यंत वापरातील मार्ग सुमारे 1,41,000 मैल उरले. एकेक फाटा बंद पडू लागला, तेव्हा त्या लांबलचक, सपाट, झाडाझुडपांतून जाणाऱ्या पट्ट्यांचे काय करावे, असा प्रश्न निर्माण झाला. विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा या 32 मैलांच्या जुन्या रेल्वेमार्गाचे 1960 च्या दशकात पाऊलवाटेत रूपांतर झाले आणि ही कल्पना देशभर पसरली. रेल्वेचा चढउतार सौम्य असतो. त्यामुळे लहान मुले, वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीतील माणसे यांनाही अशा वाटा सोयीच्या ठरतात.

अडचण जमिनीच्या मालकीची होती. अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नव्हती. तिच्याकडे केवळ रूळ टाकून गाडी नेण्याचा वहिवाटीचा हक्क होता. खालची जमीन मूळ मालकाचीच राहिली होती. रेल्वे कायमची बंद झाली की हा हक्क संपावा आणि जमीन पूर्ववत मोकळी व्हावी, असा तेथील जुना नियम. व्यापारी कुटुंबांना हे उदाहरणाने सहज समजेल. समजा, शेजाऱ्याच्या गोदामाकडे मालाच्या गाड्या जाव्यात म्हणून एखाद्याने आपल्या जागेतून वाट दिली. काही वर्षांनी गोदाम बंद झाले. त्याच वाटेवर शेजाऱ्याने उद्या बाजार भरविला, तर 'वाट तर तुम्हीच दिली होती' हे उत्तर मालकाला पटेल काय? हक्क दिला होता तो एका कारणासाठी. ते कारण संपल्यावर दुसऱ्या कारणासाठी नव्याने संमती घ्यावी लागते, किंवा नवे मोल द्यावे लागते.

अमेरिकेच्या संसदेने 1983 मध्ये राष्ट्रीय पाऊलवाट कायद्यात दुरुस्ती केली. पुढेमागे रेल्वेची गरज भासू शकेल म्हणून मार्ग राखून ठेवायचा आणि तोपर्यंत त्याचा पाऊलवाट म्हणून उपयोग करायचा. असा उपयोग म्हणजे मार्गाचा त्याग मानायचा नाही, अशी ती तरतूद होती. त्यामुळे मूळ मालकाकडे जमीन मोकळी होऊन जाण्याची प्रक्रियाच थांबली. बर्लिंग्टनच्या घरासमोरील रेल्वेचा हक्क 1899 मधील होता आणि रूळ 1975 मध्ये उखडले गेले होते. घरमालक दांपत्य न्यायालयात गेले. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. परंतु जमीनमालकास सरकारकडे भरपाई मागण्याचा मार्ग खुला आहे, असेही स्पष्ट केले. 1996 मध्ये वरिष्ठ केंद्रीय अपील न्यायालयाने निर्णय दिला की, रेल्वेसाठी दिलेल्या हक्कात सार्वजनिक पाऊलवाटेचा समावेश होत नाही. म्हणून ही मालमत्ता सरकारने घेतली असे मानून तिची भरपाई दिली पाहिजे. कायद्याच्या अभ्यासकांत हे प्रकरण प्रेसो खटला म्हणून ओळखले जाते.

या निकालाने पाऊलवाट बंद झाली नाही. लोक चालत राहिले आणि घरमालकाचा भरपाईचा हक्कही मान्य झाला. तथापि घरमालकांनी राज्याच्या न्यायालयात पहिला दावा 1981 मध्ये दाखल केला होता. म्हणजे भरपाईचा हक्क मान्य होण्यास 15 वर्षे लागली. जो हिशेब आखणीच्या वेळी टेबलाभोवती बसून मिटला असता, तो न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिला.

भाव कोणाचा वाढतो?

पाऊलवाटेचा प्रस्ताव आला की लगतच्या रहिवाशांना तीन भीती वाटतात. चोरीमारी वाढेल, घराचे भाव उतरतील आणि घरपण हरवेल. यांपैकी पहिल्या दोन भीती बहुतांशी फोल ठरतात, असा तेथील अनुभव आहे. वॉशिंग्टन राज्यातील सिअ‍ॅटल शहरात बर्क-गिलमन या नावाची प्रसिद्ध पाऊलवाट 1978 मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर सुरू झाली. शहराच्या अभियांत्रिकी विभागाने 1987 मध्ये तिचा मालमत्तेच्या किमतीवर आणि गुन्ह्यांवर काय परिणाम झाला, याची पाहणी प्रसिद्ध केली. रहिवासी, घरांचे दलाल आणि पोलीस यांच्याकडून माहिती घेण्यात आली. वाटेमुळे घरफोड्या वा नासधूस वाढल्याचे आढळले नाही.

किमतींविषयीचा निष्कर्ष मात्र बारकाईने वाचण्याजोगा आहे. वाटेच्या जवळ असलेली, परंतु तिला अगदी लागून नसलेली घरे सरासरी 6 टक्के अधिक किमतीस विकली जात आणि त्यांना गिऱ्हाईकही सहज मिळे. वाटेला थेट लागून असलेली घरे विकणे मात्र किंचितच सोपे झाले होते. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाला या दोन ओळींतील फरक तत्काळ जाणवेल. दोन्ही घरांना वाट सारखीच उपयोगी आहे. उलट लागून असलेल्या घराला ती अधिक जवळची. मग त्याचा भाव तितका का वाढत नाही? कारण त्याच्या खात्यात जमेबरोबर खर्चाचीही एक रक्कम पडते, आणि ती रक्कम म्हणजे गमावलेला खासगीपणा. गल्लीच्या पलीकडचा शेजारी निव्वळ नफ्यात असतो. वाटेकाठच्याचा नफा तोट्यात वळता होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने 1992 मध्ये तीन राज्यांतील रेल्वे-पाऊलवाटांची अशीच पाहणी प्रसिद्ध केली. बहुसंख्य शेजाऱ्यांनी वाटेविषयी समाधान व्यक्त केले. ज्या तक्रारी आल्या, त्यांत चोरी-दरोडा हा प्रमुख विषय नव्हता. भटकी वा मोकळी सोडलेली कुत्री, आवाज, कचरा, दारासमोर उभ्या केलेल्या मोटारी आणि खासगीपणाचा भंग, असे त्यांचे स्वरूप होते. या सर्व तक्रारी व्यवस्थेने मिटण्यासारख्या आहेत. मात्र व्यवस्थेला खर्च येतो आणि तो खर्च वाटेच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा लागतो.

मोजपट्टी की विवेक?

वाट आणि घर यांत किती अंतर असावे? या प्रश्नाला ब्रिटनमध्येच दोन निराळी उत्तरे आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये 2000 साली झालेल्या कायद्याने डोंगर, मोकळे माळ, झुडपी रान आणि नोंदलेली सामाईक कुरणे येथे लोकांना मुक्तपणे पायी फिरण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याने राहत्या घरापासून 20 मीटरच्या आतील जमीन, तसेच बागा व उद्याने या हक्कातून वगळली. मोजपट्टी लावली की निकाल स्पष्ट. नॉर्वेच्या 1957 च्या कायद्यातही अशीच एक मोजपट्टी आहे. रानात तंबू ठोकायचा असेल तर तो वस्तीच्या घरापासून किमान 150 मीटर दूर असावा. चालत जाणारा क्षणात दिसेनासा होतो, तंबूतला मुक्काम करतो. म्हणून मुक्कामासाठी अंतर अधिक. यामागील विचार लक्षात ठेवण्याजोगा आहे.

स्कॉटलंडने मोजपट्टी नाकारली. 2003 चा तेथील जमीन सुधारणा कायदा फेब्रुवारी 2005 पासून अमलात आला. त्याने जवळपास सर्व जमिनीवर पायी, सायकलने वा घोड्यावरून फिरण्याचा हक्क दिला. मोटारींना तो नाही. घराभोवतालची किती जमीन वगळायची, याविषयी कायदा इतकेच सांगतो की, राहणाऱ्यांना वाजवी खासगीपणा मिळेल आणि त्यांच्या घराच्या उपभोगात अवाजवी व्यत्यय येणार नाही, एवढी लगतची जमीन वगळावी. घराचे स्थान आणि वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावीत, असेही त्यात म्हटले आहे. वाद झाला तर शेरिफने, म्हणजे तेथील स्थानिक न्यायाधीशाने, निर्णय द्यावा.

वाजवी म्हणजे किती, याचे उत्तर दोन खटल्यांतून मिळाले. पर्थ शहराजवळील किनफॉन्स कॅसल ही वास्तू स्टेजकोच या बस कंपनीच्या सहसंस्थापक अ‍ॅन ग्लोग यांच्या मालकीची होती. त्यांनी आवाराभोवती उंच कुंपण घातले. स्थानिक परिषद आणि पदभ्रमण करणाऱ्यांची संघटना यांनी त्यास विरोध केला. 2007 मध्ये न्यायालयाने ग्लोग यांच्या बाजूने निर्णय दिला. अशा प्रकारच्या मोठ्या घरात राहणाऱ्यास त्या मानाने अधिक जागा लागेल आणि सुरक्षिततेचाही विचार करावा लागेल, असे मत न्यायालयाने नोंदविले. पुढच्याच वर्षी स्टर्लिंगजवळील एका मोठ्या इस्टेटीचे प्रकरण न्यायालयापुढे आले. तेथील मालकालाही बरीच जमीन वगळून हवी होती. या वेळी न्यायालयाने घराभोवतीची मर्यादित जमीन वगळली, उर्वरित खुली ठेवली आणि प्रवेशमार्गावरील फाटकाला कुलूप लावू नये, असे सांगितले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले असता समतोल दिसतो. खासगीपणा हा खरा हक्क आहे. त्यासाठी घराभोवती मोकळी जागा राखणे योग्यच. परंतु खासगीपणाचे नाव घेऊन अख्खी टेकडी कुलूपबंद करता येत नाही. मोजपट्टीचा नियम स्वस्त आणि निश्चित असतो, पण तो दाट झाडीआडच्या घराला आणि उघड्या माळावरील घराला एकाच मापाने मोजतो. विवेकाचा नियम न्याय्य असतो, पण तो न्यायालयात जाऊनच कळतो आणि तेथे जाण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून अनेक ठिकाणी व्यवहारात दोहोंचा मेळ घालावा लागतो. किमान अंतर ठरलेले असावे आणि विशेष परिस्थितीत स्थानिक पातळीवर फेरविचाराची सोय असावी.

पडदा कोणी लावायचा?

लंडनमध्ये थेम्स नदीकाठी टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय आहे. 2016 मध्ये त्याच्या नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्यावर चारही बाजूंनी फिरता येईल असा सज्जा लोकांसाठी खुला झाला. शहराचे विहंगम दृश्य पाहण्यास लाखो लोक येऊ लागले. समोरच काचेच्या भिंतींच्या सदनिका होत्या. पाहुणे त्यांत डोकावत, हात हलवीत, छायाचित्रे घेत, दुर्बिणी लावीत. रहिवाशांनी दावा केला. खालच्या न्यायालयात तो फेटाळला गेला. काचेच्या घरात राहायचे तुम्हीच निवडले. पडदे सोडा, जाळीचे पडदे लावा, असा तेथील विचाराचा रोख होता.

1 फेब्रुवारी 2023 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा निर्णय फिरविला. शेजारच्या खिडकीतून नजर पडणे हा शहरी जीवनाचा भाग आहे आणि त्याबद्दल कोणास दाद मागता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु वर्षभर दररोज जनतेला बोलावून तिला एखाद्याच्या दिवाणखान्यासमोर उभे करणे हा जमिनीचा सर्वसाधारण उपयोग नव्हे. उपद्रव करणाऱ्याने तो आवरायचा असतो. सोसणाऱ्याने पडद्याआड जगावे, असे सांगणे न्यायाला धरून नाही, हा या निकालाचा गाभा आहे.

हे प्रकरण पाऊलवाटेचे नसले तरी पाऊलवाटा आखणाऱ्यांनी त्यातून बोध घ्यावा असे आहे. जाणे आणि पाहत उभे राहणे यांत मोठे अंतर असते. चालणाऱ्याची नजर घरावरून सरकून जाते. बाकावर बसलेल्याची तेथे स्थिरावते. एखाद्याच्या स्वयंपाकघरासमोर बाक, पाणपोई किंवा देखावा पाहण्याचा कट्टा बांधला, तर तीच वाट शेजाऱ्याला नकोशी होते. तोच बाक शंभर पावले पुढे झाडाखाली ठेवला, तर कोणाचेच काही बिघडत नाही.

आपल्याकडील परंपरा व कायदा

परक्या नजरेपासून घराच्या अंतर्भागाचे रक्षण व्हावे, ही कल्पना भारतात नवी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयाने गुजरातेतील अशी रूढी मान्य केली होती की, शेजाऱ्याने त्याच्या घरातील खासगी भाग दिसेल अशा रीतीने नवी खिडकी उघडू नये. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या, म्हणजे वकीलमंडळी ज्याला 'ईझमेंट अ‍ॅक्ट' म्हणतात त्याच्या, कलम 18 मध्ये रूढीने मिळणाऱ्या हक्कांची उदाहरणे आहेत. त्यांत नेमके हेच उदाहरण दिले आहे. एखाद्या गावात तशी रूढी असेल, तर शेजारी घर बांधणाऱ्यालाही आणि पूर्वीपासून राहणाऱ्यालाही एकमेकांविरुद्ध हा हक्क मिळतो. हक्क परस्परांचा आहे, ही त्यातील मोलाची बाब. अर्थात रूढी सिद्ध करावी लागते आणि ती मुख्यतः शेजाऱ्याच्या खिडकीपुरती आहे; सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेविरुद्ध तिचा आधार मिळेलच, असे नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. सार्वजनिक संस्था एखादा प्रकल्प आखते, तेव्हा घरातील माणसांच्या खासगीपणाची दखल घेण्यास आता अधिक भक्कम पाया मिळाला आहे.

मुंबईत 2008 पासून महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने रेल्वे स्थानकांपासून स्कायवॉक उभारण्यास आरंभ केला. त्यांचा उद्देश सहलीचा नव्हता, पादचाऱ्यांच्या सोयीचा होता. पण प्रश्न तोच उपस्थित झाला. अनेक ठिकाणी स्कायवॉक पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरील खिडक्यांच्या समोरून गेले आणि घरात डोकावले जाते, अशी तक्रार रहिवाशांनी केली. पिढ्यान्‌पिढ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रस्त्यापासून उंची हेच आपले कुंपण मानले होते. ते कुंपण एका आराखड्याने नाहीसे झाले. खिडक्या बंद ठेवाव्या लागल्या की हवा आणि उजेड दोन्ही जातात. हा तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो.

आखणीतील हिशेब

या साऱ्या अनुभवांतून काही व्यवहार्य सूत्रे हाती येतात. पहिले सूत्र अंतराचे. शक्य तेथे वाट घरांपासून दूर वळवावी. चार पावलांचे वळण चालणाऱ्याला जड होत नाही. दुसरे उंचीचे. वाट घराच्या जोत्याहून खाली ठेवली तर नजर आपोआप खाली राहते. उंचावरून नेली तर अंगण उघडे पडते. तिसरे आडोशाचे. दाट झुडपांची कुंपणे नजर अडवितात आणि भिंतीसारखी अंगावर येत नाहीत. मात्र ती वाढायला काही वर्षे लागतात. म्हणून वाट खुली करण्यापूर्वीच लावावीत, किंवा तोवर तात्पुरता आडोसा द्यावा. चौथे वेळेचे. न्यूयॉर्कमधील हाय लाइन हे जुन्या उंच रेल्वेमार्गावरील उद्यान 2009 मध्ये खुले झाले. ते इमारतींच्या अगदी जवळून जाते. परंतु रात्री बंद होते आणि रहिवाशांना निदान रात्रीची शांतता मिळते.

जेथे अंतर, उंची वा झाडी यांपैकी काहीच शक्य नसते, तेथे यंत्रविद्येचाही उपाय निघतो. सिंगापूरच्या बुकित पांजांग भागात 1999 मध्ये सुरू झालेली हलकी रेल्वे सदनिकांच्या अगदी जवळून जाते. तेथे गाडी इमारतीजवळ आली की डब्याच्या खिडक्यांच्या काचा आपोआप धूसर होतात आणि इमारत मागे पडली की पुन्हा स्वच्छ होतात. नजर अडविण्याचा खर्च येथे वाहतूक व्यवस्थेने उचलला. रहिवाशांना पडदे विकत घ्यावे लागले नाहीत. रक्कम मोठी असो वा लहान, ती कोणाच्या खात्यावर पडली, हे पाहणे महत्त्वाचे.

शेवटचे सूत्र भरपाईचे. वरील सर्व उपाय करूनही एखाद्या घराचे नुकसान टळत नसेल, तर ते मोजून चुकते करावे. सर्व शहराला लाभ देणारी वाट एका घराच्या तोट्यावर उभी राहू नये. अशी तरतूद असली की विरोधाची धारही कमी होते, कारण पुष्कळदा माणूस वाटेला विरोध करीत नसतो; आपल्याला कोणी विचारलेच नाही, याला विरोध करीत असतो.

तिन्ही बाजूंची कर्तव्ये

व्यवस्था कितीही चोख असली तरी वागणुकीची जागा ती घेऊ शकत नाही. स्कॉटलंडमध्ये कायद्याबरोबरच वर्तनाची एक संहिता मंजूर झाली. तिची सूत्रे तीन आहेत. इतरांच्या हिताचा मान राखा, परिसराची काळजी घ्या आणि स्वतःच्या वर्तनाची जबाबदारी स्वतः घ्या. चालणाऱ्याने घराजवळून जाताना वाट सोडू नये, आवाज खाली ठेवावा, कोणाच्या अंगणाकडे वा खिडकीकडे मोबाइलचा कॅमेरा रोखू नये. आजकाल प्रत्येक हातात कॅमेरा आहे. पूर्वी जे क्षणभर दिसून विसरले जाई, ते आता टिपले जाते आणि दूरवर पोहोचते.

घरमालकाचीही कर्तव्ये आहेत. सार्वजनिक वाटेवर दगडमाती टाकून ती अडविणे, कुत्रे सोडून भीती घालणे, 'प्रवेश बंद'च्या खोट्या पाट्या लावणे, हे स्कॉटलंडच्या कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध केले आहे. कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी शेजारधर्मही हेच सांगतो. शिवाय पाऊलवाटेवर चालणारा कोणी परका नसतो. बहुधा तो पुढच्या गल्लीतील शेजारीच असतो आणि उद्या त्याच वाटेने आपलीही मुले व वडीलधारी माणसे जाणार असतात.

तिसरी बाजू नियोजन करणाऱ्या संस्थेची. महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा तो मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्याची कायदेशीर तरतूद आहे. ही मुदत पुष्कळदा नकळत निघून जाते. नदीकाठचा पट्टा, टेकडीची कड, समुद्रकिनारा किंवा जुना लोहमार्ग यांच्या शेजारी ज्यांची वास्तू आहे, त्यांनी आराखडा स्वतः पाहावा. सोसायटीच्या सभेत त्याविषयी चर्चा करावी आणि 'वाट नको' असे मोघम न लिहिता, वाट अमुक फूट सरकवावी, येथे झाडांचा आडोसा द्यावा, बाक पलीकडे ठेवावेत, अमुक वेळेनंतर फाटक बंद करावे, अशी नेमकी सूचना द्यावी. नेमक्या सूचनेला उत्तर देणे भाग पडते. मोघम विरोध फायलीत पडून राहतो.

चालण्यासाठी मोकळी वाट ही श्रीमंतांची चैन नाही. ज्यांच्या घराला अंगण नाही, त्यांचे ते अंगण आहे. त्याचबरोबर, दार लावल्यावर आपण आपल्या माणसांत आहोत ही भावना हेच घराचे खरे मोल. नकाशावर रेघ ओढली जात असतानाच वाटेकाठच्या घरांना विचारले आणि त्यांच्या खात्यावर पडणारा खर्च सर्वांनी वाटून घेतला, तर वाटही होते आणि घरपणही टिकते. नंतर तोच हिशेब मांडायला वर्षे लागतात, आणि शेजाऱ्यांतील दुरावा भरून काढणारी भरपाई कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही.